ना काठ, ना पदर

सकाळी सहाला, पाय पलंगाखाली सोडायच्या आधी
हा सोपस्कार.
रबरी हातमोजे, चिमूटभर पावडर,
पावलावर दुधाची धुतलेली पिशवी,
तिच्यावरून मोजा सरसर चढतो,
मग बोटांपाशी उघड्या तोंडातून पिशवी ओढून घ्यायची.
ही युक्ती रंजूची.
डॉक्टरांनाही तिनंच शिकवली.

तेवीस वर्षं गांधीबागेतल्या दुकानात
पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसलो.
साड्या उलगडल्या, घड्या केल्या,
पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून
"पाहा ताई, अंगावर कसा पडते" म्हटलं.
या धंद्यात पाय लागतच नाहीत
असं वाटायचं.

डावी पोटरी सुजली, तेव्हा काही चावलं असेल म्हटलं.
मग ती तापली, दुपारच्या शटरसारखी.
मग एक दिवस गोदामाचा जिना चढताना
मी वर पोचलो
आणि श्वास खालीच राहिला.

तळपायाची आग मस्तकात जाते, हे ऐकून होतो.
पोटरीतलं फुप्फुसात जाते
हे धंतोलीत कळलं, आठ नंबरच्या बेडवर.
डॉक्टर केळझरकर म्हणाले, गुठळी.
मला एकदम पिठलं आठवलं.
चुलीपुढे आई: हलवत राहा रे बापू,
हात थांबला का झाली गुठळी.

माझा बाप टांडापेठेत मागावर असायचा,
दिवसभर पावड्या दाबत.
त्याच्या पोटऱ्या नारळासारख्या.
पोटरी म्हणजे दुसरं हृदय, डॉक्टर म्हणतात.
बापाला हे कोणी सांगितलं नाही,
तो दोन्ही चालवत होता
आणि चार पोटं भरत नव्हती.
माग भंगारात गेला त्या वर्षी
त्यानं मला शेटजीकडे नेऊन बसवलं.
"बसून खाशील," म्हणाला.
आशीर्वाद होता तो.

आता दर महिन्याला रक्त द्यायचं.
आकडा दोन आणि तीनच्या मध्ये पाहिजे.
आज पालक खाल्ला तर किती खाल्ला, विचारतात.
दाढी करताना कापलं
तर तुरटीचं ऐकत नाही रक्त,
बनियनवर उतरते, सावकाश, पाहुण्यासारखं.

कापड मला बोटांनी कळते.
पहिल्या दिवशी मोजा हातात घेतला:
घोट्याशी कसलेला, वर सैल होत गेलेला,
विणणाऱ्यानं डोकं लावलं आहे.
पण ना काठ, ना पदर.
रंग म्हणे स्किन.
कोणाची?
घासाघीस न करता कापड घेतलं,
जिंदगीत पहिल्यांदा.

मे महिना. सेहेचाळीस.
कूलरचं पाणी दुपारपर्यंत संपते,
आणि माझ्या पायांत हे थंडीचं सोंग.
गादीवर चपला काढाव्याच लागतात.
शेटजीचा नातू हसला: "काका, मॅच आहे का जी?"
तेव्हापासून मांडीवर एक साडी पसरून ठेवतो,
विकायची नसलेली.

परवा कामठीच्या एक बाई बस्ता घ्यायला आल्या,
सोबत सात जणी.
पाऊण तास झाला, मोबाईल वाजला,
मी उठून उभा राहिलो.
टाचा वर, टाचा खाली. वीस वेळा.
सात जणी एकमेकींकडे पाहू लागल्या.
बाई माझ्या पावलांकडे.
मग त्यांनी दोन बोटांनी
निऱ्या जराशा उचलल्या.
तोच रंग. त्यांच्याही कातडीचा नाही.
"रात्री काढल्यावर खाजवते ना हो?"
"खाजवते."
"खोबरेल लावत जा. ते हिरवी दाखवा बरं,
वरून तिसरी."

आता ऑटो करत नाही.
शटर पडलं की चालत निघतो,
नाईक तलावाकडून, थोडं लांबूनच.
रस्ता अजून भाजत असतो.
घरी पोचतो तेव्हा रंजू
गॅससमोर उभी, पिठलं हलवत.
मला पाहते,
हात थांबवत नाही.